पेरूच्या बियांनी अपेंडिक्स होते का?

दादर स्टेशनबाहेरचा तिखट-मीठ लावलेला पेरू मुलाच्या हाती देताना ‘बिया गिळू नकोस, अपेंडिक्स होईल’ असे बजावणारे पालक आजही भेटतात. या समजात फारसे तथ्य नाही. अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याला जोडलेली बोटासारखी छोटी पिशवी; तिचे तोंड बंद झाले की तिचा दाह होतो, आणि यालाच लोक ‘अपेंडिक्स होणे’ म्हणतात. तिच्या पोकळीत बी अडकल्याच्या नोंदी आहेत, पण त्या अगदी विरळ. बहुधा तिचे तोंड बंद होते ते घट्ट झालेल्या मळाच्या खड्याने किंवा आतल्या सुजेने, आणि कित्येकदा तर कारण सापडतही नाही.

याहून घातक समज म्हणजे दुखणे थांबले की आजार गेला. बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांत पोटाच्या उजव्या खालच्या भागात सरकणारी, खोकताना किंवा रिक्षाच्या धक्क्याने वाढणारी कळ अचानक शमली, तर अपेंडिक्स फुटल्याचीही शक्यता असते. शारीरिक तपासणी, रक्तातील पांढऱ्या पेशी, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास सीटी स्कॅन यांवरून निदान होते. सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसलेच नाही, तर ते निरोगी आहे असे मात्र ठरत नाही. गुंतागुंत नसलेल्या काही रुग्णांचे केवळ अँटिबायोटिक्सवर भागते, तरी दुखणे पुन्हा उलटू शकते, त्यामुळे दुर्बिणीतून अपेंडिक्स काढणे हाच अजूनही मुख्य उपचार आहे.