हिवाळा साठवणाऱ्या नळ्या

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एक व्हिडिओ फिरला. तिबेटच्या उजाड पठारावरून रेल्वे चालली आहे आणि रुळांच्या कडेने पुरुषभर उंचीच्या लोखंडी नळ्या ओळीने उभ्या आहेत. खाली मजकूर : ‘चीनने जमिनीला एसी बसवला!’ कुणीतरी लगेच विचारलं, वीजबिल कोण भरतं? कुणीच नाही. त्या नळ्यांना वीज लागत नाही, पंप लागत नाही, त्यांच्यात फिरणारं एक चाकही नाही.

हा गोलमुड ते ल्हासा मार्ग. लांबी ११४२ किमी, काम २००१ मध्ये सुरू झालं आणि १ जुलै २००६ ला गाड्या धावू लागल्या. यातले सुमारे ९६० किमी समुद्रसपाटीपासून ४००० मीटरच्या वर आहेत. तांगगुला खिंडीत रूळ ५०७२ मीटरवर पोचतात. तिथे हवेचा दाब जेमतेम निम्मा, म्हणून डब्यांत जादा ऑक्सिजन सोडतात. कौतुक होतं ते या आकड्यांचं. खरा घोर होता तो जमिनीचा.

जवळपास ५५० किमी मार्गाखाली पर्माफ्रॉस्ट आहे, म्हणजे वर्षानुवर्षं शून्याखाली राहिलेली जमीन. अशा ठिकाणी थंडी हा शत्रू, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात गोठलेली माती दगडासारखी टणक असते आणि भार सुखाने पेलते. ती वितळली की चिखल, आणि वरचा भराव खचलाच. पुन्हा गोठताना ती आसपासचं पाणी ओढून घेते, बर्फाचे थर धरते आणि रुळांना वर ढकलते. या पठारावर बऱ्याच भागात जमिनीचं तापमान उणे १ अंशाच्या आसपास, म्हणजे वितळायला टेकलेलंच. नुसता उष्णतारोधक थर घालून भागत नाही, कारण तो उन्हाळ्यात ऊन अडवतो तशीच हिवाळ्यात थंडीही अडवतो. चंग क्वोतुंग या संशोधकांनी आग्रह धरला तो वेगळ्या वाटेचा : ऊन अडवत बसू नका, जमीनच थंड करा.

आता ती नळी. दोन्ही तोंडं बंद, आत थोडा अमोनिया, बराचसा भाग जमिनीत आणि उरलेला वर हवेत. अमोनिया उणे ३३ अंशांना उकळतो हे शाळेत शिकलो, पण ते वातावरणाच्या दाबाला. बंद नळीत द्रव आणि वाफ एकत्र नांदतात आणि तापमानाप्रमाणे दाब ठरतो : शून्य अंशाला साधारण ४.३ बार (एक बार म्हणजे जवळपास समुद्रसपाटीवरच्या हवेचा दाब), उणे १० ला २.९. हिवाळ्यात वरचं टोक गारठलं की तिथली वाफ द्रव होते, दाब उतरतो, आणि तळाच्या अमोनियाला तेवढा दाब पुरेनासा होऊन तो उकळू लागतो. उकळायला लागणारी उष्णता तो मातीतून घेतो. किलोमागे सुमारे १२६० किलोज्यूल. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं तेच इथे. वाफ वर जाते, उष्णता हवेला देऊन थेंब होते, थेंब भिंतीवरून ओघळत पुन्हा तळाला.

आणि उन्हाळ्यात? वरचं टोक गरम, तिथे थेंबच बनत नाहीत. द्रव आपला तळाशी गार पडून राहतो. चक्र आपोआप बंद. उष्णतेला बाहेरची वाट आहे, आतली नाही. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी याला डायोड म्हणावं.

हीच गंमत साध्या खडीतही आहे. मोठ्या दगडांच्या भरावात हिवाळ्यातली जड गार हवा फटींतून खाली उतरते आणि गरम हवा वर निसटते. उन्हाळ्यात गरम हवा वरच तरंगत राहते. जिथे जमीन फारच नाजूक, तिथे सरळ पूल बांधले, छिंगश्वेइहचा तर ११.७ किमीचा.

‘चीनचा शोध’ म्हणून नाचायचं कारण नाही. अलास्कातल्या १९७७ साली सुरू झालेल्या तेलवाहिनीच्या खांबांत अशा लाखाहून अधिक नळ्या आहेत. त्याच ग्रुपवर ‘कैलासाजवळ नखं झपाट्याने वाढतात’ ही थापही येऊन गेली होती. पठाराच्या नवलाईची एवढी हौस असेल, तर ही नळी घ्या की!

एक अडचण मात्र उरते. नळी चालते ती हवा जमिनीपेक्षा थंड असेल तेवढेच दिवस, आणि तिबेटचं पठार तापतं आहे. हिवाळा ऊबदार झाला की नळीच्या कामाचे तास घटतात. नेमके तेव्हा, जेव्हा जमिनीला थंडी जास्त हवी असते.