पिंपळाची जाळी आणि ओढ्यातला पाचोळा

शाळेत असताना आम्ही पिंपळाचं पान पाण्यात भिजत घालायचो. काही दिवसांनी हिरवा गर कुजून जाई, शिरांची नाजूक जाळी उरे आणि ती वहीत जपून ठेवली जाई. तो गर जातो कुठे, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. पुढे सह्याद्रीतल्या ओढ्यांकाठी बसायची सवय लागली, तेव्हा कळलं की पाण्यात पडलेलं पान नुसतं संपत जात नाही. ते आधी जवळचं देऊन टाकतं आणि मग महिनोन् महिने पाण्यातून गोळा करत राहतं.

देण्याचं काम झटपट उरकतं. गरम पाण्यात चहा उतरावा तसा पानातला रस पहिल्या एक-दोन दिवसांतच बाहेर पडतो. पोटॅशियम सर्वांत आधी जातं, कारण ते पेशीरसात मोकळं असतं. कॅल्शियम पेशींच्या भिंतींत अडकलेलं, म्हणून बरंचसं मागे राहतं.

खरी गंमत त्यानंतर सुरू होते. डिसेंबरात ओढ्यातलं एखादं काळपट पान उचलून त्यावर बोट फिरवा. बुळबुळीत लागेल. तो थर जिवंत असतो: जिवाणू, शेवाळ आणि पानाच्या आतपर्यंत शिरलेली बुरशी. इंग्लंडमधल्या इंगोल्ड यांनी 1942 मध्ये ओढ्यातल्या कुजक्या पानांवर वाढणाऱ्या अशा बुरशांचं वर्णन केलं. त्यांतल्या कित्येकींचे बीजाणू चार हातांचे असतात. सराट्यासारखे, कसेही येऊन पडले तरी वाहत्या पाण्यात पानाला टेकून राहणारे. पश्चिम घाटातल्या ओढ्यांतही त्या भरपूर आहेत आणि मंगळूर विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे.

ही बुरशी कार्बन पानातून घेते, पण नायट्रोजन आणि फॉस्फरस बऱ्याच अंशी वाहत्या पाण्यातून ओढून घेते. कॅनडात कौशिक आणि हाइन्स यांनी 1971 मध्ये दाखवून दिलं, की कुजत्या पानातली प्रथिनं वाढतात आणि त्यामागे मुख्य हात बुरशीचा असतो. वाळकं पान म्हणजे कोरडी भाकरी. बुरशी चढली की तिला कालवणाची जोड मिळते. पानं कुरतडणाऱ्या किड्यांना आणि खेकड्यांना म्हणूनच ताज्या पडलेल्या पानापेक्षा मुरलेलं पान आवडतं.

धातूंची गोष्ट वेगळी, तिथे रसायनशास्त्र काम करतं. कुजत्या पानाच्या पृष्ठभागावर ऋणभार असलेले रेणूगट उघडे पडतात आणि तांबं, शिसं, जस्त यांचे धनभारित आयन त्यांना चिकटतात. पाण्यात हे धातू लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये मोजावे लागतात, पानात मात्र किलोमागे मिलिग्रॅममध्ये. म्हणजे हजारपटींचा फरक. जिथे पाण्यात लोह जास्त असतं तिथे पानांवर तांबूस गंजाचं पूट चढतं. हे पूट स्वतःच फॉस्फेट आणि इतर धातू धरून ठेवतं. अर्थात पान खाणाऱ्याच्या पोटात हे सगळंच जातं, उपयोगाचंही आणि विषारीही.

पण पान जागेवर टिकलं तरच हे साठणं शक्य आहे. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रुक जंगलात बिल्बी आणि लायकन्स यांनी एका ओढ्याच्या 175 मीटर पट्ट्यातले फांद्या-पाचोळ्याचे सगळे बांध काढून टाकले. वाहून जाणारे सेंद्रिय कार्बनचे बारीक कण सात पटींहून जास्त झाले. तिथल्या अगदी लहान ओढ्यांत तर जवळपास 75 टक्के सेंद्रिय साठा अशा बांधांतच अडकलेला होता. हा 1980 चा अभ्यास वाचल्यापासून ओढा ‘साफ’ करताना पडकं खोड ओढून काढणारी माणसं दिसली की मला थांबून बोलावंसंच वाटतं.

उन्हाळ्यात धार आटते, डोह तेवढे उरतात. तळच्या पाचोळ्यातला ऑक्सिजन संपला की पानावरचा गंज विरघळू लागतो आणि त्याने धरलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात सुटतो. अशा डोहात काठी खुपसली तर बुडबुडे येतात, कुजक्या अंड्यांचा वास येतो. मग पावसाळ्यातला पहिला मोठा लोंढा काटक्यांचे बांध फोडतो आणि वर्षभराची साठवण खालच्या नदीकडे, धरणाकडे घेऊन जातो.