अँपिअर पायात असावा की बोटात?

भोसरी असो नाहीतर शिरोली, एमआयडीसीत जाऊन ‘टिग वेल्डिंग कोण करतं’ असं विचारलं तर समोरचा जरा घुटमळतो. ‘आर्गन कोण मारतं’ म्हटलं की लगेच शेड दाखवतो. या आर्गनवाल्यांमध्ये एक समज पक्का बसलेला आहे: पायाखाली करंट कमी-जास्त करणारं पेडल असेल तो खरा कारागीर, हातातल्या टॉर्चच्या बटणावर, ठरलेल्या करंटने काम चालवणारा अजून कच्चा. परदेशी व्हिडिओत नाण्यांची चळत आडवी केल्यासारखं बीड (वेल्डची उमटलेली रेघ) दिसतं, टेबलाखाली वेल्डरचा पाय हलताना दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं, सगळी करामत पेडलचीच. मग पैसे मोडून पेडल आणलं जातं, दहा दिवस वापरलं जातं आणि पुढे मशीनमागे ग्राइंडिंगची धूळ खात पडतं.

पाय की बोट हे दोन गोष्टींवर ठरतं: जॉब कुठल्या धातूचा आहे आणि तो करताना तुमचं शरीर कसं टेकलेलं आहे. पहिली गोष्ट निखळ पदार्थविज्ञान आहे आणि खरी मजा तिच्यातच आहे.

आधी थोडी उजळणी. टिगमध्ये टॉर्चमधल्या टंगस्टनच्या टोकापासून जॉबपर्यंत आर्क, म्हणजे विजेची अखंड ठिणगी, जळतो. टंगस्टन ३,४२२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून ते टिकतं. भोवती आर्गनचा झोत असल्यामुळे तापलेल्या टंगस्टनला आणि वितळलेल्या धातूला हवा लागत नाही. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात फिलर, म्हणजे जोडात वितळवून भरायची तार. मशीन ‘स्थिर करंट’ जातीचं असतं: आर्क थोडा लांबला-आखडला तर व्होल्टेज हलतं, अँपिअर जागचा हलत नाही. आर्कचं व्होल्टेज बहुतेक वेळा १० ते १५ च्या घरातच फिरतं, त्यामुळे उष्णता कमी-जास्त करायची खरी चावी अँपिअरकडे आहे. स्टीलसाठी जाडीच्या दर मिलिमीटरमागे ४० अँपिअर हा ठोकताळा सर्रास चालतो. ३ मिमीला १२०. पण हा झाला एक आकडा. सुरुवातीला, मधे आणि शेवटी तोच आकडा चालेल का, याबद्दल ठोकताळा काही बोलत नाही. पेडलचा सगळा प्रश्न तिथेच सुरू होतो.

आर्क पेटल्यावर धातूत दोन प्रवास एकदम सुरू होतात. टॉर्च ठरावीक चालीने पुढे सरकते, समजा सेकंदाला २.५ मिमी. उष्णताही पसरत जाते, पण तिची चाल वेगळी. चौपट वेळ दिला तर टॉर्च चौपट अंतर कापते, उष्णता मात्र फक्त दुप्पट. म्हणजे ही ससा-कासवाचीच शर्यत: उष्णता पहिल्यांदा सुसाट सुटते आणि मग मंदावत जाते, टॉर्च रेटून चालत राहते. कासव जिंकणार हे नक्की. कधी जिंकणार, ते धातू ठरवतो.

धातूच्या या गुणाला औष्णिक विसरणशीलता म्हणतात. उष्णता वाहून नेण्याची क्षमता वर, आणि घनता गुणिले विशिष्ट उष्मा खाली, असा हा भागाकार. नेहमीच्या तापमानाला ६०६१ अ‍ॅल्युमिनियमसाठी तो सेकंदाला सुमारे ६९ चौरस मिमी येतो, साध्या माइल्ड स्टीलसाठी १३ च्या आसपास आणि ३०४ स्टेनलेससाठी जेमतेम ४. या संख्येला वेळेने आणि चारने गुणून वर्गमूळ काढलं की उष्णता कुठवर पोचली याचा अंदाज येतो. १० सेकंदांत अ‍ॅल्युमिनियममध्ये ती ५२ मिमी गेलेली असते, माइल्ड स्टीलमध्ये २३, स्टेनलेसमध्ये १३ सुद्धा नाही. तेवढ्याच वेळात टॉर्च गेली २५ मिमी.

आता टॉर्च उष्णतेला गाठते तो क्षण काढू: विसरणशीलतेची चौपट भागिले वेगाचा वर्ग. स्टेनलेसमध्ये उत्तर येतं अडीच-पावणेतीन सेकंद, माइल्ड स्टीलमध्ये ८, अ‍ॅल्युमिनियममध्ये ४४. अंतरात मोजलं तर स्टेनलेसवर पहिल्या ६-७ मिमीतच टॉर्च पुढे निघून जाते. तिथून पुढे ती सतत गार धातूवर चालते, प्रत्येक मिलिमीटर आधीच्यासारखाच असतो आणि एकच अँपिअर शेवटपर्यंत पुरतो. अ‍ॅल्युमिनियमवर टॉर्चला पुढे जायला ११० मिमी लागतात. १०० मिमीचं बीड असेल तर पूर्ण बीडभर टॉर्च आधीच तापून बसलेल्या धातूवर चालत असते आणि तो धातू दर सेकंदाला आणखी तापत असतो. स्थिर अवस्था येतच नाही. तापमानाबरोबर विसरणशीलता थोडी बदलते, जाडीचाही हात असतो, त्यामुळे हे आकडे काटेकोर धरू नयेत. पण ४४ आणि पावणेतीन यांच्यातली दरी असल्या दुरुस्त्यांनी बुजत नाही.

त्यात आणखी एक भर पडते. उष्णता पत्र्याच्या कडेपर्यंत पोचली की पुढे हवा लागते, आणि धातूच्या तुलनेत हवा जवळपास काहीच उष्णता नेत नाही. कडेवरून उष्णता आरशावर आपटावी तशी मागे फिरते. गणितात हे खरोखरच आरशासारखं मांडतात: कडेपलीकडे तेवढ्याच अंतरावर दुसरी, खोटी टॉर्च आहे असं धरतात आणि दोघींची उष्णता एकत्र मोजतात. कडेवर तापमानातली वाढ त्यामुळे दुप्पट होते. अ‍ॅल्युमिनियमचा शेवटचा इंच आला की पडल (आर्कखालचं वितळलेल्या धातूचं डबकं) एकदम रुंदावतो, चकाकतो आणि बघता बघता खाली गळतो, तो या खोट्या टॉर्चमुळे.

म्हणून ३ मिमी अ‍ॅल्युमिनियमची १५० मिमीची शिवण मारताना अँपिअरचा आलेख सपाट नसतो. थंड पत्र्यावर पडल उघडायला १४०-१५० लागतात, तीन-चार सेकंदांत पडल आरशासारखा चमकला की १२० वर यायचं, अर्ध्यानंतर ११०, कडेच्या शेवटच्या २५-३० मिमीत ९० किंवा त्याहूनही खाली. पेडलला पर्याय नसतो तो इथे. दोन्ही हात गुंतलेले, डोळा पडलवर आणि पाय त्या डोळ्याच्या हुकमात. शिलाई मशीनवर बसलेल्या टेलरचा पायही असाच डोळ्याच्या हुकमात चालतो. फरक एवढाच की पाय उचलला की सुई थांबते, पडल थांबत नाही. धातूत शिरलेली उष्णता परत काढता येत नाही, त्यामुळे पडल फुगायला लागल्यावर पाय उचलणं म्हणजे उशीरच. कडेच्या दोन बोटं आधीच उचलायला सुरुवात हवी.

आता शेवट. आर्क झटक्यात तोडला तर पडल बाहेरून आत गोठत जातो आणि अगदी मधला थेंब सर्वांत शेवटी. अ‍ॅल्युमिनियम गोठताना आकारमानात ६-७ टक्के आक्रसतं. मधल्या थेंबाची जागा भरायला वितळलेला धातू उरलेला नसतो आणि भोवतीचा गोठलेला धातू चारी बाजूंनी ओढत असतो. मधे खळगा पडतो, खळग्यात चांदणीसारखी बारीक भेग. ६०६१ तर या भेगेसाठी बदनामच आहे. उपाय एकच: करंट हळूहळू उतरवायचा, पडल लहान लहान होऊ द्यायचा आणि त्याचवेळी फिलरचा एखादा जादा थेंब देऊन खळगा भरायचा.

हा उतार पायानेच द्यावा लागतो असं काही नाही. मशीनमध्ये डाऊन-स्लोप, म्हणजे करंट आपोआप उतरवणारी सोय, असते ती याचसाठी. फोर-टी मोडमध्ये (बटणाच्या चार हालचाली) बटण दाबून धरलं की स्टार्ट करंट, सोडलं की अप-स्लोपने मेन करंट, काम संपताना पुन्हा दाबलं की डाऊन-स्लोपने खळगा भरायचा क्रेटर करंट, सोडलं की आर्क बंद आणि पोस्ट-गॅस, म्हणजे आर्कनंतरही वाहणारा आर्गन, सुरू. ३ मिमी अ‍ॅल्युमिनियमला डाऊन-स्लोप तीन ते पाच सेकंद, पातळ स्टेनलेसला एक-दोन सेकंद पुरतो. पोस्ट-गॅससाठी दर १० अँपिअरमागे एक सेकंद, आणि ८ सेकंदांच्या खाली नको. आर्क विझल्याबरोबर टॉर्च उचलून बीड बघायला वाकणारे आपल्या हातानेच टंगस्टन काळं करतात.

स्टेनलेसवर, म्हणजे डेअरीचे पाइप, हॉटेलचे काउंटर, टाक्या अशा कामांत, आमचं मत स्पष्ट आहे: बटण. तिथे पेडल नुसतं अनावश्यक नसतं, ते घात करू शकतं. ६० अँपिअर, १२.४ व्होल्ट, सेकंदाला २ मिमी चाल. दर मिलिमीटरला ३७२ ज्यूल पडतात. आता पडल जरा मोठा वाटला म्हणून वेल्डरने पाय उचलून ४५ अँपिअर केले आणि त्याबरोबर नकळत हातही मंदावला, चाल झाली १ मिमी. ४५ गुणिले ११.८ व्होल्ट, दर मिलिमीटरला ५३१ ज्यूल. अँपिअर कमी, उष्णता जवळजवळ दीडपट! बीड सोनेरी यायचं ते निळं-करडं येतं, पत्रा वाकतो, आणि ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात धातू जास्त वेळ राहिल्याने क्रोमियम कार्बनशी जोडलं जाऊन गंजरोधकपणा घटतो. बटणावर करंट ठरलेला असतो, मग पडल ताब्यात ठेवायला हात पुढे न्यावाच लागतो. स्टेनलेसला हवी ती शिस्त बटण आपोआप लावतं.

दुसरा प्रश्न शरीराचा. पेडल बनलं टेबल-स्टुलासाठी: गुडघा काटकोनात, टाच जमिनीवर, फक्त चवडा हलणार. आपल्याकडे निम्मा जॉब जमिनीवर पडलेला असतो आणि वेल्डर उकिडवा बसलेला. उकिडवं बसल्यावर सगळा तोल दोन्ही पावलांवर असतो. एक चवडा हलवला की कंबर हलते, कंबरेबरोबर हात, आणि २-३ मिमीवर धरलेलं टंगस्टन पडलमध्ये बुडतं. उभ्याने तेच. परांचीवर, शिडीवर, टाकीच्या आत तर पेडल ठेवणार कुठे? अशा ठिकाणी अ‍ॅल्युमिनियम असेल तर टॉर्चवरचं चाक किंवा सरकपट्टी हा मधला मार्ग. पण बोटातल्या अँपिअरची किंमत मोजावी लागते: जे बोट टॉर्च धरतं तेच चाक फिरवतं, म्हणून टॉर्च थरथरते. करंगळी किंवा मनगट जॉबवर टेकवल्याशिवाय चाकाला हात लावू नये. शिवाय पाइपभोवती टॉर्च फिरवताना चाक नेमकं नको त्या बाजूला जातं. स्प्रिंग नसलेलं चाक जिथे सोडलं तिथेच राहतं. पुढचा आर्क मारण्याआधी ते कुठे आहे ते बघितलं नाही तर थंड जॉबवर ३० अँपिअरचा मिणमिणता आर्क मिळतो, नाहीतर पातळ पत्र्याला भोक.

पेडल घेतलंच असेल तर मशीन आधी टू-टीवर (दाबलं की सुरू, सोडलं की बंद) टाका आणि दोन्ही स्लोप शून्यावर आणा. नाहीतर बऱ्याच मशीनवर पाय एक सांगतो, स्लोप दुसरंच करतो आणि मधे सेकंदभराचा घोळ होतो. पॅनेलवर लावलेला आकडा ही पेडलची कमाल मर्यादा असते. लागणार १२० असतील तर १५० लावा. २०० लावून ‘पायाने सांभाळतो’ म्हणणाऱ्याला चवड्याच्या त्याच हालचालीत जास्त अँपिअर उड्या मारतात आणि बारीक ताबा जातो. खालच्या टोकाला २.४ मिमीच्या बोथट टंगस्टनवर आर्क भटकतो. काम १०० अँपिअरच्या आत असेल तर १.६ मिमी वापरा.

त्याच खालच्या टोकाला एक धोका आहे. पाय उचलत आर्क १०-१५ अँपिअरवर आला की स्वस्त ऑटो-डार्क हेल्मेटला तो दिसेनासा होतो. काच उजळते आणि आर्क अजून जळत असतो. सेन्सिटिव्हिटी वाढवा, डिले वाढवा. टिगला धूर कमी म्हणून तो निरुपद्रवी, ही गैरसमजूत आहे, अतिनील किरण त्यात भरपूर असतात. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं सहा ते बारा तासांनी होतं, तेव्हा बटाट्याचे काप नाहीतर दुधाचे थेंब निघतात. बुबुळावरचं जळालेलं आवरण बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत आपोआप भरून येतं आणि श्रेय बटाट्याला मिळतं. दुधाने मात्र जखमेत जंतू जाऊ शकतात. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं.

पेडल बिघडलंय की मशीन, हे मल्टिमीटरने पाच मिनिटांत कळतं. आत एक मायक्रोस्विच आणि एक पोटेन्शिओमीटर (पेडल दाबलं की ज्याचा रोध बदलतो तो भाग), बहुधा १० किलोओहमचा, काही मशीनसाठी ४७ चा. म्हणून एका मशीनचं पेडल दुसऱ्याला लावताना पिना जुळल्या तरी आतला आकडा जुळतो का ते बघावं. प्लग काढा, पोटेन्शिओमीटरची मधली पिन आणि एक टोक यांच्यात मीटर लावा, पेडल अगदी सावकाश दाबा. ओहम सलग चढत किंवा उतरत गेले पाहिजेत. एकाच जागी आकडा उडी मारत असेल किंवा मीटर मोकळं दाखवत असेल तर तिथला कार्बनचा पट्टा झिजलाय. वेल्डिंग करताना नेमक्या त्याच दाबावर आर्क फडफडतो आणि दोष मशीनच्या नावावर जातो. पोटेन्शिओमीटर बदला, आतली लोखंडी भुकटी ब्रशने झाडा, हवा मारू नका, ती भुकटी स्विचमध्ये बसते. आणि पेडलची वायर टॉर्चच्या केबलला गुंडाळलेली असेल तर आधी ती सोडवा. आर्क पेटवणारी हाय फ्रिक्वेन्सी त्या वायरीत शिरली की चांगलं पेडलही वेड्यासारखं वागतं.