वकिलाला पैसे नाहीत, मग अपील नाहीच?

नाशिकरोडच्या जेलमध्ये माणूस असलेल्या घरांत हा फॉरवर्ड हमखास पोचतो: 'शिक्षा लागली की वकील स्वतःच्या पैशानं, नाहीतर अपील विसरा.' खर्चाच्या धास्तीनं हे खरं वाटतं, पण तसं नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 चं कलम 12 उघडून बघा. कोठडीतल्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. निकालाची प्रत आरोपीला फुकट. अपील तुरुंग अधिकाऱ्यामार्फतही पाठवता येतं. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध (फाशी सोडून) उच्च न्यायालयात जायला 60 दिवस असतात; उशीर झाला तर सबळ कारण देऊन तो उशीर माफ करा अशी विनंती करता येते, मान्य होईलच असं नाही. खात्रीसाठी 15100 या विधी सेवा हेल्पलाइनवर फोन लावा, किंवा नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा कार्यालय विचारा. निकालाची झेरॉक्स सोबत असू द्या.