मजुरीचा दर आणि राजाचा हुकूम : ब्लॅक डेथनंतरचे इंग्लंड

१४ जून १३८१ रोजी लंडनच्या वेशीबाहेर माइल एंड येथे जमलेल्या शेतकऱ्यांनी चौदा वर्षांच्या राजा दुसऱ्या रिचर्डसमोर आपल्या मागण्या मांडल्या. यापुढे कोणाही माणसाने स्वतःच्या मर्जीशिवाय आणि ठरलेल्या कराराशिवाय दुसऱ्याची चाकरी करू नये, ही त्यांतली एक. इतकी साधी गोष्ट मागण्यासाठी हजारो माणसे शस्त्रे घेऊन राजधानीवर का चालून आली, हे समजून घ्यायचे तर १३४८ च्या उन्हाळ्यापर्यंत मागे जावे लागते.

त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर १३४७ मध्ये, काळ्या समुद्राकडून आलेल्या जेनोवाच्या जहाजांबरोबर सिसिलीतील मेसिना बंदरात प्लेग उतरला होता; याच साथीला पुढे ब्लॅक डेथ हे नाव मिळाले. तेथून तो इटली आणि फ्रान्स व्यापत जून १३४८ च्या सुमारास इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील मेलकम रीजिस या बंदरात पोहोचला आणि शरद ऋतूत लंडनमध्ये शिरला. लंडनच्या ईस्ट स्मिथफील्ड येथे त्या वेळी खास प्लेगच्या मृतांसाठी उघडलेल्या दफनभूमीतील दातांमधून शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये येर्सिनिया पेस्टिस या जिवाणूचा जनुकीय आराखडा मिळवला, त्यामुळे रोगाच्या ओळखीबद्दल आता शंका उरलेली नाही. याच जिवाणूने १८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात थैमान घातले होते. काखेत किंवा जांघेत गाठ, तीव्र ताप आणि थोड्याच दिवसांत मृत्यू हे वर्णन म्हणूनच मराठी वाचकाला अपरिचित नाही. इंग्लंडमध्ये सुमारे दीड वर्षाच्या आत लोकसंख्येचा किमान एक तृतीयांश आणि बऱ्याच अभ्यासकांच्या मते जवळजवळ निम्मा भाग नाहीसा झाला.

हा घाव बसला तो माणसांनी खच्चून भरलेल्या देशावर. जमीन अपुरी होती, हात उदंड होते आणि म्हणून मजुरी कमी, खंड जास्त, अशी स्थिती होती. १३१५ ते १३१७ च्या भीषण दुष्काळाने या व्यवस्थेतील गरिबांची अवस्था किती नाजूक होती हे आधीच दाखवून दिले होते. ग्रामीण जनतेचा मोठा हिस्सा भूदासांचा होता. त्यांना जमीनदाराच्या शेतावर ठरावीक दिवस वेठ करावी लागे, मुलीचे लग्न करायचे तर त्याला पैसे मोजावे लागत आणि परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे. कूळ मेले की घरातले सर्वांत चांगले जनावर जमीनदाराकडे जाई. १३४९ मध्ये कुळे एकामागून एक मरू लागली, तेव्हा हक्काने मिळणाऱ्या जनावरांची संख्या वाढत गेली, पण त्यांना घ्यायला गिऱ्हाईकच उरले नाही. लेस्टरचा मठवासी इतिवृत्तकार हेन्री नायटन लिहितो की पूर्वी चाळीस शिलिंगांना जाणारा घोडा आता अर्ध्या मार्कला, म्हणजे सात शिलिंगांहूनही कमी पैशांत, मिळू लागला आणि राखणीला कोणी नसल्याने गुरे-मेंढरे उभ्या पिकांतून मोकाट हिंडत होती.

चर्चचीही हीच गत होती. मरणाऱ्याजवळ जाऊन पापनिवेदन ऐकणे हे धर्मगुरूचे कर्तव्यच असल्याने जे ते पाळत राहिले ते मोठ्या प्रमाणात बळी पडले. कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी, म्हणजे इंग्लंडमधील सर्वोच्च धर्मपदासाठी, निवडलेले जॉन ऑफर्ड मे १३४९ मध्ये गेले आणि त्यांच्या जागी आलेले विद्वान गणिती टॉमस ब्रॅडवर्डीन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. बाथ आणि वेल्सच्या बिशपांनी जानेवारी १३४९ मध्ये एक पत्र काढून कळवले की धर्मगुरू मिळत नसेल तर मरणाऱ्याने आपली पापे सामान्य माणसाजवळ, आणि पुरुष नसेल तर स्त्रीजवळही, सांगावीत. त्या काळच्या चर्चने ही मुभा द्यावी, यावरूनच परिस्थिती कोणत्या थराला गेली होती ते कळते.

मात्र समाजाच्या पायालाच हात घालणारा बदल शेतात घडला. नायटनच्या म्हणण्याप्रमाणे कापणी करणारा मजूर आठ पेनी आणि वर जेवण मिळाल्याशिवाय कामाला येईना. राजा तिसऱ्या एडवर्डच्या सरकारने साथ चालू असतानाच, जून १३४९ मध्ये, वटहुकूम काढला : साठ वर्षांखालील प्रत्येक धडधाकट माणसाने, ज्याच्याजवळ पोटापुरती जमीन किंवा धंदा नाही, मिळेल ते काम पत्करावे आणि मजुरी साथीपूर्वीच्या, म्हणजे १३४६ च्या आसपासच्या, दराने घ्यावी. १३५१ मध्ये संसदेने त्याचे सविस्तर कायद्यात रूपांतर केले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कापणीला दिवसाला दोन पेनी, दुसऱ्या आठवड्यापासून तीन, गवत वाळवायला एक, आणि तेही जेवणाशिवाय, असे दर त्यात बारकाईने लिहिलेले आहेत. नायटनने नोंदवलेले आठ पेनी शेजारी ठेवले म्हणजे जमीनदारांना काय गमवावे लागत होते आणि मजुरांकडून काय हिरावले जात होते, दोन्ही दिसते. मजुरांनी वर्षातून दोनदा शपथ घ्यायची होती आणि नकार देणाऱ्यासाठी गावोगावी खोडे उभारायचे होते. १३६१ मध्ये तर पळून गेलेल्या मजुराच्या कपाळावर डाग देण्याची तरतूद झाली.

हा कायदा करणारी संसद जमीनदारांची होती, हे विसरून चालणार नाही. तरीही तो पूर्णपणे लागू झाला नाही, कारण तो मोडणाऱ्यांत जमीनदारही होते. पीक शेतात उभे असताना शेजाऱ्यापेक्षा पेनीभर जास्त देऊन माणसे पळवणे हाच अनेकांचा मार्ग होता. दंडांची वसुली मात्र जोरात चालली आणि तिचा रोष गावागावांत साचत गेला. १३६३ मध्ये नांगरे, गाडीवान, गुराखी यांनी केवळ जाडेभरडे स्वस्त लोकरी कापड वापरावे असाही कायदा झाला. तो लवकरच मागे घ्यावा लागला.

प्लेगने भूदासांना मुक्त केले, असे सरसकट म्हटले जाते. ते मला पटत नाही. साथीनंतरची पंचवीसेक वर्षे धान्य महागच राहिले आणि वाढीव मजुरीचा बराचसा भाग पोटासाठीच गेला. मजुराच्या हाती खरोखर चार पैसे उरू लागले ते १३७० च्या दशकात धान्याचे भाव उतरल्यावर. त्याच सुमारास फ्रान्सबरोबरच्या युद्धासाठी डोईपट्टी आली : १३७७ मध्ये माणशी चार पेनी आणि १३८०-८१ मध्ये एकदम बारा. वाढीव मजुरी हिरावणारा कायदा आणि मिळकत ओरबाडणारा कर एकत्र आले तेव्हा मे १३८१ अखेर एसेक्समध्ये ठिणगी पडली. केंटमधून बंडाचा म्होरक्या वॉट टायलर आणि धर्मोपदेशक जॉन बॉल यांच्याबरोबर लोक लंडनवर आले. वाटेत त्यांनी अनेक ठिकाणी जमीनदारी न्यायालयांची दप्तरे जाळली, कारण वेठीचा पुरावा त्यांतच होता. राजाने माइल एंडला मुक्ततेच्या सनदा दिल्या. दुसऱ्याच दिवशी स्मिथफील्ड येथे टायलर मारला गेला आणि जुलैच्या आरंभी सनदा रद्द झाल्या.

बंड चिरडले गेले तरी माणसांचा तुटवडा संपला नव्हता, कारण १३६१ पासून साथ पुन्हा पुन्हा येतच राहिली. ओस पडलेली जमीन पडीक ठेवण्यापेक्षा जमीनदार ती रोख खंडाने देऊ लागले, वेठीची जागा पैशाने घेतली आणि पंधराव्या शतकात इंग्लंडमधील भूदासपद कोणत्याही कायद्यावाचून झिजत गेले. मजुरीचा दर कायद्याने बांधण्याचा अधिकार मात्र राज्यसत्तेने सोडला नाही : १५६३ मध्ये पहिल्या एलिझाबेथच्या संसदेने जुने मजुरी कायदे रद्द केले आणि दरवर्षी दर ठरवण्याचे काम स्थानिक न्यायाधीशांवर सोपवले.