सायकलचे वाकलेले गिअर-भाग सरळ करणे
सायकल उजव्या अंगावर पडली की मागचा डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसऱ्या चक्रीवर सरकवणारा भाग), तो ज्याला लटकतो तो हँगर, पुढची चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चक्री), क्वचित क्रँकसुद्धा (पेडलचा दांडा) वाकतो. हे भाग घरीच पाना लावून रेषेत आणायचं काम म्हणजेच आउट काढणं.

ही गरज कधीपासूनची, यावर एकमत नाही. काहीजण ती थेट डिरेलरपर्यंत मागे नेतात (टूर द फ्रान्समध्ये त्याला १९३७ ला परवानगी मिळाली), पण फ्रिक्शन लिव्हरच्या (ठरावीक खाचा नसलेल्या, अंदाजाने सरकवायच्या गिअर-दांडीच्या) काळात हँगर थोडा तिरका असला तरी स्वार हाताच्या अंदाजाने सांभाळून घ्यायचा. त्यामुळे १९८४ च्या सुमारास शिमानो कंपनीचं इंडेक्स शिफ्टिंग (एका खटक्याला एक गिअर) आलं तिथून मोजणं जास्त पटतं. पुढे तर मागच्या चक्र्यांमधलं अंतर ७ स्पीडच्या (मागे ७ चक्र्या) साधारण ५ मिमीवरून ११ स्पीडला ३.७ मिमीच्या आसपास आलं, मग एवढासा बाकही खटखट करतो. आट्यांचाही एक घोळ आहे: कॅम्पानिओलो या दुसऱ्या कंपनीच्या जुन्या हँगरला १० मिमी व्यासावर इंचाला २६ आटे, शिमानोला १ मिमी पिच (दोन आट्यांमधलं अंतर), फरक इतका बारीक की बोल्ट सहसा चालून जातो.

घरगुती युक्ती याच आट्यांवर उभी आहे. बऱ्याच मागच्या चाकांचा एक्सल (आस) १०×१ चाच, म्हणजे १० मिमी व्यास आणि १ मिमी पिचचा असतो, म्हणून डिरेलर काढून त्या जागी दुसरं चाक पिळायचं आणि दोन्ही रिममधलं अंतर वर, खाली, पुढे, मागे मोजायचं, फरक ३-४ मिमीच्या आत आला की बास. सायकलचं स्वतःचं चाक नीट बसलेलं आणि बिनआउटचं हवं, नाहीतर सगळं मोजमाप फुकट. स्टीलचा हँगर पुन्हापुन्हा सोसतो, ॲल्युमिनियमचा एकदा बहुधा ऐकतो, नंतर आट्यांपाशी तडा जाऊ शकतो. सुटा हँगर सरळ करावा की बदलावा हा वाद आहेच, नवा मिळत असेल तर बदललेला बरा. पण नवाही तपासून घ्यावा, तो सरळच असतो असं नाही.

चेनरिंगचं सोपं: आधी बोल्ट आवळायचे, कारण सैल बोल्टनेही ती डुलते, मग पुढच्या डिरेलरच्या पिंजऱ्याशी (चेन ज्यातून जाते त्या पट्ट्यांशी) फट बघत खडूने खूण करून ॲडजस्टेबल पान्याने थोडं थोडं वाकवायचं. ॲल्युमिनियमचा क्रँक वाकवू नये, कार्बनचा तर प्रश्नच नाही. पीळ पडलेली चेनची कडी काढून टाकतात.