सवय लागते, नेम पाळावा लागतो

गुढीपाडव्याला किंवा एक जानेवारीला पहाटे फिरायला जायचे ठरवणाऱ्या माणसाला घरातले कोणी ना कोणी हमखास सांगते, "सुरुवातीचे दिवस जड जातील, पण एकदा सवय लागली की काही वाटणार नाही." हे वाक्य धीर देण्यासाठी म्हटलेले असते आणि त्यामागचा जिव्हाळा खरा असतो; तरीही हेच वाक्य पुढे अनेकांचा पाय मागे खेचते, असे माझे मत आहे. तीन आठवडे जातात, महिना उलटतो, आणि गजर वाजल्यावर अंथरूण सोडणे पहिल्या दिवसाइतकेच नकोसे वाटते. मग आपल्यातच चिकाटी नाही, इतरांना जमते ते आपल्याला जमत नाही, असे तो माणूस मनाशी धरून बसतो आणि फिरणे थांबवतो. त्याच्यात उणीव काहीच नसते. तो सवयीची वाट पाहत राहिलेला असतो, आणि त्याने हाती घेतलेले काम मात्र नेमाचे असते.

सवय आणि नेम हे शब्द बोलताना आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो, परंतु त्यांच्याबरोबर येणारी क्रियापदे पाहिली तर भाषेने हा भेद केव्हाच करून ठेवलेला दिसतो. सवय लागते, जडते, सुटते. या क्रियापदांत करणारा माणूस कुठेच नसतो, गोष्ट त्याच्या बाबतीत आपोआप घडलेली असते. नेम मात्र घ्यावा लागतो, पाळावा लागतो, आणि एखाद्या दिवशी तो चुकतो. वाईट सवय लागली असे आपण म्हणतो, पण वाईट नेम लागला असे कोणी म्हणत नाही, कारण ‘नियम’ या शब्दापासून आलेल्या नेमाच्या मुळाशी समजून उमजून केलेली निवड असते.

आधी सवयीकडे पाहू. ठरावीक जागा, ठरावीक वेळ किंवा ठरावीक वस्तू समोर आली की विचार न करता घडणारी कृती, असे तिचे साधे वर्णन करता येईल. एखादी कृती एकाच परिस्थितीत पुन्हा पुन्हा केली की मेंदूच्या आतल्या भागातील बेसल गँग्लिया नावाचे केंद्र ती साखळी पक्की करते, आणि मग ती कृती करायची की नाही हा प्रश्न मनात उमटतही नाही. मानसशास्त्रज्ञ वेंडी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात चित्रपटगृहात बसलेल्या लोकांपैकी काहींना ताजे आणि काहींना आठवडाभरापूर्वीचे शिळे पॉपकॉर्न दिले होते. चित्रपट पाहताना पॉपकॉर्न खाण्याची ज्यांना पक्की सवय होती, त्यांनी शिळे पॉपकॉर्नही ताज्याइतकेच खाल्ले, आणि ते त्यांना आवडलेले होते असेही नाही. तशीच सवय असलेली दुसरी मंडळी सभा-बैठकांच्या साध्या खोलीत बसवली तेव्हा मात्र असे झाले नाही, आणि चित्रपटगृहातही नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला सांगितल्यावर शिळे पॉपकॉर्न कमी खाल्ले गेले. खुर्ची, अंधार आणि नेहमीचा हात यांच्या जुळणीतून ते खाणे घडत होते. आवडीनिवडीचा त्यात फारसा भाग नव्हता. संध्याकाळच्या चहाबरोबर उघडला जाणारा फरसाणाचा डबा ज्यांच्या घरी आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. भूक असो वा नसो, चहाचा कप हातात आला की दुसरा हात डब्याकडे जातो.

अशी सवय लागायला एकवीस दिवस लागतात, ही समजूत आता मराठी घराघरांत पोहोचलेली आहे, म्हणून तिच्याबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे. मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये आपल्या रुग्णांविषयी एक निरीक्षण नोंदवले होते, की बदललेला चेहरा आपला म्हणून स्वीकारायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात. पुढे ‘किमान’ हा शब्द गळला, चेहऱ्याच्या जागी कोणतीही सवय आली, आणि एका डॉक्टरचे निरीक्षण सार्वत्रिक नियम होऊन बसले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज ठरावीक प्रसंगी खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची एखादी नवी कृती बारा आठवडे करायला सांगितली, तेव्हा ती कृती अंगवळणी पडण्याचा मध्यम काळ ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसांतला अंदाजित फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंतचा होता. या अभ्यासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे: पाणी पिण्यासारखी साधी कृती लवकर अंगवळणी पडली आणि व्यायामाला त्यापेक्षा बराच जास्त काळ लागला. सगळ्या चांगल्या गोष्टी एकाच वेगाने आपोआप होऊ लागत नाहीत, आणि काही गोष्टी पूर्णपणे आपोआप कधीच होत नाहीत.

आता नेम. त्याचे स्वरूप समजायला आपल्याकडच्या चातुर्मासाइतके चांगले उदाहरण मला दुसरे सुचत नाही. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांद्याची भजी, कांद्याचे थालीपीठ असे सारे मनसोक्त खाऊन अनेक घरांत कांदा, लसूण आणि वांगे बंद होतात, आणि पुष्कळ ठिकाणी ते मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला वांग्याच्या भरिताचा आणि रोडग्याचा नैवेद्य दाखवूनच पुन्हा सुरू होतात. हा काळ जवळजवळ पाच महिन्यांचा, म्हणजे त्या ६६ दिवसांच्या दुपटीहूनही अधिक आहे. पण पाच महिने कांदा न खाल्लेल्या माणसाला कांदा न खाण्याची सवय लागली असे होत नाही. चंपाषष्ठीचे भरीत त्याला पहिल्याइतकेच, किंबहुना अधिकच रुचकर लागते. त्या काळात त्याला कांदा खावासा वाटत नव्हता असेही नाही. वाटत होता आणि तो खात नव्हता, आणि यात आपले काही चुकते आहे असे त्याला एकदाही वाटले नाही. इच्छा होणे आणि नेम पाळला जाणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात, हे आपल्या आजीला ठाऊक होते आणि व्यायामाच्या बाबतीत आपण नेमके हेच विसरलो आहोत.

नेमाला आणखी एक अंग असते. त्यात काय करायचे, किती आणि कधीपर्यंत हे आधीच बोलून ठेवलेले असते. रोज बारा सूर्यनमस्कार, महिन्याच्या दोन एकादशा, उद्यापनापर्यंत सोळा सोमवार, अशी नेमाची भाषा मोजमापाची असते. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांमध्ये सूर्यनमस्कार रुजवले, तेव्हा त्यांच्या प्रसाराचे एक कारण, मला वाटते, हेच असले पाहिजे की सूर्यनमस्कार मोजता येतात. ‘थोडा व्यायाम करत जाईन’ या बोलण्याला नेम म्हणता येत नाही, कारण तो पाळला गेला की चुकला हे संध्याकाळी सांगता येत नाही.

व्यायाम सवयीच्या ऐवजी नेमाच्या बाजूला का पडतो, याचे कारण त्याच्या स्वभावातच आहे. दात घासण्याला रोज सारखेच आणि अगदी थोडे श्रम लागतात, तर चालण्याला, पोहण्याला किंवा जोर-बैठकांना शरीर दर वेळी वेगळा प्रतिसाद देते: झोप कमी झालेली असते, पाय दुखत असतात, बाहेर धो धो पाऊस असतो. जून लागला की कोकणात आणि मुंबईत पहाटे फिरणाऱ्यांची वर्दळ ओसरते, आणि ज्यांचे फिरणे केवळ त्या रस्त्यावर आणि त्या कोरड्या पहाटेवर अवलंबून होते, त्यांचे ते बहुधा दिवाळीपर्यंत परत येत नाही. सवय परिस्थितीला बांधलेली असते, त्यामुळे परिस्थिती बदलली की तीही सुटते. अमेरिकेतील एका मोठ्या कंपनीच्या सुमारे अडीच हजार कर्मचाऱ्यांवर झालेला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या दृष्टीने मोलाचा आहे. काहींना स्वतः ठरवलेल्या रोजच्या दोन तासांतच व्यायामशाळेत गेल्यास पैसे मिळत, काहींना दिवसभरात केव्हाही गेले तरी मिळत. ठरावीक वेळेने पक्की सवय लागेल आणि ती टिकेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पैसे मिळत असताना आणि ते बंद झाल्यानंतरही, केव्हाही जाण्याची मुभा असलेले लोकच अधिक वेळा गेले. ठरलेली वेळ हुकली की पहिल्या गटाचा तो दिवसच हुकत होता.

तरीही व्यायामात सवयीला जागाच नाही असे मी म्हणणार नाही. ॲलिसन फिलिप्स आणि बेंजामिन गार्डनर या संशोधकांनी २०१६ मध्ये व्यायामाला निघण्याची सवय आणि तो करण्याची सवय असा भेद केला, आणि माणूस किती वेळा व्यायाम करतो हे निघण्याच्या सवयीवरून कळते, व्यायाम ठरावीक पद्धतीने करण्याच्या सवयीवरून नाही, असे दाखवले. माझा स्वतःचा अनुभव याला पुरेपूर जुळतो. मी अनेक वर्षे पहाटे फिरायला जाते, आणि गजर वाजल्यावर आज राहू दे असे अजूनही आठवड्यातून चार दिवस वाटते. परंतु चूळ भरून झाली की हात दाराजवळच्या बुटांकडे जातो, नाडी बांधली जाते आणि मी जिन्यात असते. ही तीन-चार मिनिटे खरोखर सवयीची झालेली आहेत. पुढचा पाऊण तास नेमाचा आहे, आणि तो रोज नव्याने पाळावा लागतो, याचे मला आता वाईट वाटत नाही.

खाण्याचे गणित याच्या उलट आहे. आपण दिवसातून चार-पाच वेळा, बहुतेक त्याच जागी, त्याच भांड्यांतून आणि त्याच वेळी खातो, म्हणजे सवय जडण्यासाठी लागणारे सर्व काही तिथे आयते असते. म्हणून आहाराच्या बाबतीत रोज मनाशी झगडत बसण्यात माझ्या मते फार शक्ती वाया जाते; तीच शक्ती एकदाच स्वयंपाकघर लावण्यात खर्च करावी. फरसाणाचा डबा माळ्यावर आणि फुटाण्यांची बरणी चहाच्या डब्याशेजारी ठेवली, तर काही आठवड्यांत हात फुटाण्यांकडे वळू लागतो. चहातली साखर दोन चमच्यांवरून दीड आणि दीडवरून एक अशी कमी करत नेली, तर काही महिन्यांनी दोन चमच्यांचा चहा गोडमिट्ट लागू लागतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक सूचनांत दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सुचवलेली आहेत. आकडा वाचून दडपण येते, पण आपल्या ताटात डाव्या बाजूला कोशिंबिरीची जागा पिढ्यान्‌पिढ्या राखलेली आहे. ती चमचाभर वाढण्याऐवजी वाटीभर वाढायची आणि पोळीच्या आधी संपवायची, एवढा बदल बहुतेक घरांत कोणाचीही मनधरणी न करता होऊ शकतो.

आहारात सवयीच्या जागी नेम आणला की काय होते, हे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ या म्हणीने सांगून ठेवले आहे. नेम जेवढे बोलला तेवढेच राखतो. धान्य नको म्हटले तर धान्य टळते, पण साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे पापड आणि रताळ्याचा गोड कीस यांच्याबद्दल तो गप्प असतो. गोड बंद, तळलेले बंद, भात बंद, अशा बंदीच्या यादीवर उभे केलेले आहारनियम याच वाटेने जातात, आणि शिवाय ‘न खाणे’ ही हाताने करण्याची कृती नसल्यामुळे तिची सवय लागणेही अवघड असते. तिथे दुसरी कृती द्यावी लागते. (मधुमेह असलेल्यांनी किंवा नियमित औषधे घेणाऱ्यांनी उपवास आणि आहारातले मोठे बदल डॉक्टरांना विचारूनच करावेत.)

खंड पडल्यावर काय करायचे, याचे उत्तरही दोन्हींसाठी वेगळे आहे. लॅली यांच्या अभ्यासात एखादा दिवस हुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेला फारसा धक्का बसला नाही, त्यामुळे लग्नघरी दोन दिवस जिलेबी खाल्ली तर घरी येऊन नेहमीच्या ताटावर बसणे एवढेच पुरते, त्यासाठी तिसऱ्या दिवशी उपाशी राहण्याची गरज नाही. नेमाला मात्र तो चुकला तर काय, याची तरतूद आधीच करावी लागते. ब्रिटनमध्ये २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात येत्या आठवड्यात एकदा तरी वीस मिनिटे व्यायाम करण्यास सांगितलेल्यांपैकी ज्यांनी दिवस, वेळ आणि जागा कागदावर लिहिली, त्यांच्यातल्या ९१ टक्क्यांनी तो केला. ज्यांना केवळ प्रोत्साहनपर माहिती वाचायला दिली होती, त्यांच्यातल्या जेमतेम ३५ टक्क्यांनी केला. पाऊस असेल तर इमारतीचे जिने, सकाळ हुकली तर जेवणानंतरची वीस मिनिटे, प्रवासात असेन तर खोलीत बारा नमस्कार, अशा ओळी मे महिन्यातच लिहून ठेवलेल्या बऱ्या. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी मध्यम श्रमाच्या व्यायामाचे किमान प्रमाण आठवड्याला १५० मिनिटे असे देते, आणि नेम घेताना हे आठवड्याचे माप घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण मंगळवारी राहिलेली तीस मिनिटे शनिवारी भरून काढता येतात.

आपल्या हातातली गोष्ट सवय झाली आहे की अजून नेमच आहे, हे ओळखायला ती एखाद्या दिवशी राहून गेल्यावर काय वाटते ते पाहावे. कोशिंबीर नसलेल्या ताटावर बसल्यावर चुकल्या चुकल्यासारखे वाटू लागले, तर ती सवय झाली, आणि तिच्याकडे आता लक्ष देण्याची गरज नाही. पहाटेचे फिरणे राहिल्यावर मात्र दुपारपर्यंत ते आठवलेच नाही आणि उलट जास्तीची झोप सुखाची वाटली, तर अजून नेमच आहे असे समजावे, आणि रात्री झोपण्यापूर्वी बूट दाराजवळ काढून ठेवावेत.